दुपारी खोली बंद असते

४ फेब्रुवारी

वहिनी,

सुखरूप पोचलो. दादाला रात्रभर गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही, मला मात्र छान लागला. मी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते हे तो भेटेल त्याला सांगत सुटलाय. दुकानात तोंडातून शब्द काढत नाही म्हणून तू कुरकुरतेस ना, इथे येऊन बघ. घसा एवढा बसलाय तरी नर्सला म्हणतो, "ही माझी धाकटी बहीण. घरात हिला बारकी म्हणतात. अंगकाठीवर जाऊ नका."

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. घशातली गाठ वाढली आहे, पण पसरलेली नाही. ऑपरेशन नको म्हणाले. किरणं द्यायची, सुटीचे वार सोडून रोज सकाळी, मार्च संपेपर्यंत. यंत्राखाली माणूस आंघोळीला लावतो तेवढाच वेळ असतो. नंतर दिवसभर मोकळे.

गोची इथेच आहे. खोली मिळाली ती हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत, पण रात्रीपुरती. दिवसा त्याच खोलीत घरमालकीणबाईंचा टायपिंगचा क्लास चालतो. भिंतीला लागून टाइपरायटरांची रांग, आणि मधल्या जागेत आमच्या दोन खाटा. सकाळी खाटा दुमडायच्या, बाहेर पडायचं, आणि संध्याकाळी क्लास सुटल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही. स्वयंपाकाला तर सक्त मनाई. कागदांना वास लागतो म्हणे. त्यामुळे जेवण बाहेर आणि बसणं बागेत. आज कोपऱ्यावरच्या बागेत बसलो. बाग म्हणजे काय, दोन इमारतींमधली फट. चार बाकं, एक नळ, आणि कुणीतरी मन लावून वाढवलेली झेंडूची रांग.

फोन करत नाही. दुकानातल्या फोनवर तुझ्या आजूबाजूला गिऱ्हाईकं उभी असतात, मोकळं बोलता येत नाही. पत्रच बरं. आईच्या मांडीचं हाड कसं आहे?

तुझी
बारकी


१२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र मिळालं. जीव भांड्यात पडला.

इकडे सगळं आहे तसं आहे. आईंना कूस बदलून द्यावी लागते, रात्री दोनदा तरी. सकाळी त्यांचं आवरून दुकान उघडते. लॉजच्या चादरींचे गठ्ठे येऊन पडलेत. धुणं माझं आणि इस्त्री ह्यांची, अशी आमची वाटणी होती. आता दोन्ही माझ्याच गळ्यात. ह्यांची ती जड इस्त्री उचलून उचलून खांदा भरून येतो. काल मनगटावर चटका बसला, फार नाही. आई पलंगावरून हाका मारतात, दुकानातून गिऱ्हाईक हाका मारतं, आणि मी मधल्या दारात उभी राहून दोघांना "आले, आले" म्हणते. जात कुणाकडेच नाही.

हे काय खातात ते नीट लिही. घशाला बोचेल असं काही देऊ नकोस. नुसतं "जेवलो" लिहून पाठवू नकोस. आणि मफलर बॅगेत तळाला आहे, तो बाहेर काढ.

तुझी वहिनी


२ मार्च

वहिनी,

उशीर झाला, रागावू नकोस. दिवस कसा जातो कळत नाही. म्हणजे खरं तर फार हळू जातो, पण संध्याकाळी मागे वळून बघावं तर हाताला काही लागत नाही.

दादाने एक नवीन खूळ काढलंय. रोज नवी बाग आणि रोज नवी खाणावळ. टायपिंगवाल्या बाई आम्हाला हाकलतात, तेव्हा तो पायात चपला घालून आधीच दारात उभा असतो. या शहरात बागा कुठेकुठे लपवून ठेवल्यात बाई! पाण्याच्या टाकीमागे एक आहे, तिथे आसपासच्या घरांनी वाफे वाटून घेतलेत. एक रिटायर झालेला कंडक्टर आपल्या टोमॅटोंवर ओरडतो, "पुढे सरका, पुढे सरका!" रेल्वेच्या यार्डालगत एक आहे, जुन्या तेलाच्या पिंपांत लावलेली, सगळे गुलाब. आणि एक तर मला फार आवडली. तिथली इमारत पाडलेली आहे. शेजारच्या भिंतीवर तिच्या न्हाणीघरांच्या फरशा तशाच चिकटून आहेत, निळ्या, गुलाबी, पांढऱ्या, एकावर एक चार मजले. त्यांच्यावरून वेल चढवलाय. खाली पोरं खेळतात.

जेवणाचं विचारलंस. कोर्टाच्या मागे वकिलांची एक खाणावळ आहे. सगळे काळे कोट खुंटीला टांगून वाटाण्याचं सूप ओरपत असतात, आणि पाव बुडवताना एकमेकांशी भांडतात. सूप दाट आहे, मिऱ्याचा ठसका शेवटी येतो. बंदराजवळ मासळीवाली आहे, तिच्याकडचा मासा काट्यापासून असा अलगद सुटतो की जसा काही वाट बघत होता. नदीपलीकडे दूरच्या देशातून आलेलं एक कुटुंब वाडगा भरून शेवया देतं. रस्सा आंबट, वर कांद्याची पात, आणि त्यांची म्हातारी वाडगा रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाही. पण आता आमचं ठरलेलं ठिकाण झालंय ते मुक्या-बहिऱ्या जोडप्याचं. तिथे सगळं खुणांनी. वांगी भाजून, वर दही. दही गार, वांगं गरम. काय सांगू!

दादा बरा आहे. जरा उतरलाय. डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय, म्हणून मी शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी आणून दिलीय. मफलर काढला.

तुझी
बारकी


९ मार्च

बारके,

दोन पानं मासे आणि वांगी, आणि ह्यांची एक ओळ. "जरा उतरलाय." किती उतरलेत? कशाने? रोज बाहेरचं चापून जेवणारा माणूस उतरतो कसा?

तुला वाईट वाटेल, वाटू दे. पत्र मी दुकानातच वाचलं, आणि अर्ध्यात घडी घालून इस्त्रीखाली सारून ठेवलं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. इथे नाक्यावर बाग आहे, तुला माहीत आहे. दुकानातून तिचं फाटक दिसतं. बावीस वर्षांत हा माणूस मला एकदाही त्या फाटकातून आत घेऊन गेला नाही. पहिल्या-पहिल्यांदा मी म्हणायचे, जाऊ या ना संध्याकाळी. गठ्ठे पडलेत, म्हणायचे. सोमवारी दुकान बंद असायचं तेव्हा म्हणायचे, पाय दुखतात. मग मी म्हणायचं सोडलं. आता कळलं, पाय चांगले चालतात. टाकीमागे चालतात, नदीपलीकडे चालतात. माझ्याबरोबरच दुखत होते.

आजारी माणसाबद्दल असं लिहू नये, कळतं मला. पण रात्री आईंना कूस बदलून देताना तुमचं ते गार दही आणि गरम वांगं डोळ्यांसमोर येतं, आणि मला माझीच लाज वाटते, आणि तुमचा रागही येतो.

फिरा. सावकाश या.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी दादाला दाखवलं नाही. पण मी वाचताना तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याने पाटीवर लिहिलं, "रागावली?" मी म्हटलं, नाही. त्याने पुसलं आणि लिहिलं, "खोटं."

तू ये. मी घर बघते, आईला बघते, दुकानही जमेल तसं बघते. एकवीस तारखेला सकाळच्या गाडीने मी निघते, तू आदल्या रात्रीची घे. आपल्या गाड्या वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडतील. त्या दिवसापुरतं आईजवळ शेजारणीला बसव. दादाला मी हॉस्पिटलच्या आवारात नर्सच्या स्वाधीन करून जाईन. तू थेट तिथेच ये.

बाकी तू स्वतःच बघशील. माझ्याच्याने लिहवत नाही.

बारकी


२३ मार्च

बारके,

आवारातल्या बाकावर हे बसले होते. मी समोरून दोनदा गेले. ओळखलंच नाही. तिसऱ्यांदा ह्यांनीच हात वर केला.

सदरा अंगावर नव्हे, खुंटीवर टांगल्यासारखा. गळा भाजल्यासारखा काळा पडलेला. आणि नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. नर्सला विचारलं, ही कधीपासून? म्हणाली, फेब्रुवारी संपताना घातली. गिळता येत नाही ना. दूध, पेज, काय असेल ते ह्या नळीतून.

फेब्रुवारी संपताना. आणि तुझं वांग्याचं पत्र दोन मार्चचं.

मला तुझा इतका संताप आला की तू समोर असतीस तर काय केलं असतं कुणास ठाऊक. पण ऐक पुढे. दुपार झाली, खोली बंद. ह्यांनी माझी पिशवी उचलली आणि खुणेने "चल" म्हणाले. हळूहळू, भिंतीला धरत, त्या मुक्या-बहिऱ्या जोडप्याकडे घेऊन गेले. तिथल्या बाईने ह्यांना बघितलं, मग मला बघितलं. भरलेलं ताट माझ्यासमोर ठेवलं. आणि एक रिकामी, धुतलेली थाळी ह्यांच्यासमोर ठेवली. कुणी काही सांगितलं नाही, तिला माहीतच होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज तू जेवत होतीस आणि हे बघत होते.

माझा घास तोंडातच फिरायला लागला. ह्यांनी पाटी काढली. "जेव. चव गेली. वास येतो अजून." मग पुसून, "कसं आहे ते सांग."

मला सांगता येईना. मी म्हटलं, चांगलं आहे. ह्यांनी मान हलवली आणि लिहिलं, "बारकी नीट सांगते."

मी रडत रडत जेवले. वकिलांच्या खाणावळीत असते तर कोणीतरी काही म्हणालं असतं. इथे कुणाला ऐकूच गेलं नाही.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

काय शिव्या द्यायच्या त्या दे. त्याने मला गळ्याची शपथ घातली होती, आणि ज्याचा गळाच असा, त्याची शपथ मोडायची कशी? त्याचं म्हणणं एकच. तिला कळलं तर ती सगळं टाकून धावत येईल, मग आईचं कोण बघणार?

नळी घातली त्या दिवशी मी म्हटलं, आता खाणावळी बंद. आपण बागेतच बसू, मी पाव खाईन. तर ऐकेना. पाटीवर लिहिलं, "तू जेव. मी बसतो." पहिल्या दिवशी कोर्टामागे आम्ही बसलो, तर तिथल्या पोऱ्याने आम्हाला आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं. नळी बघून बाकीच्यांना जेवण जाणार नाही म्हणे. दादा उठला आणि दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसला. तुला माहीत आहे, हा माणूस दुकानात गिऱ्हाईकाला कधी उलटून बोलला नाही.

मग रोज मी जेवायची आणि त्याला सांगायची. मीठ कुठे लागतं, आंबट कुठे, गरम किती. तो डोळे मिटून ऐकायचा. मी घाईघाईने सांगितलं की टेबलावर बोट आपटायचा, पुन्हा, नीट. वहिनी, आयुष्यात मी शिवणाच्या मशीनवर अंग मोडून काम केलंय, पण जेवणाइतकं दमवणारं काम केलं नाही. अंगाने सुटले मी तिथे. शेजारीण म्हणाली, शहर मानवलं हो तुला.

ती दोन पानं तेवढीच होती. टेबलावर त्याला जे सांगायचे, तेच रात्री टाइपरायटरच्या टेबलावर बसून तुला लिहून काढायचे. दुसरं लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तुला तो चटका बसेल हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

इकडे माझ्या नाकी नऊ आलेत. परवा एका गिऱ्हाईकाच्या विजारीवर इस्त्री विसरले. ढुंगणावरच बरोबर तिचा ठसा उमटला. आई पलंगावरून म्हणते, "कपड्यांना इस्त्री करतेस की कपड्यांची जिरवतेस?" रात्री तिला कूस बदलून देताना माझीच कंबर धरली, मग दोघी तशाच अर्धवट वळलेल्या पडून राहिलो आणि हसत बसलो. तू हे एकटीने कसं केलंस?

बारकी


७ एप्रिल

बारके,

किरणं संपली. शेवटच्या दिवशी यंत्रावरच्या माणसाने ह्यांच्याशी हात मिळवला. आता सूज उतरेपर्यंत थांबायचं. डॉक्टर म्हणतात, गाठ विरघळली का ते तीन महिन्यांनी बघू. "बघू" एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

काल त्या फरशांच्या बागेत बसलो होतो. तू लिहिलंस तशीच आहे, फक्त वेल आता फुललाय. पोरं चेंडू खेळत होती. मी मनात म्हटलं, विचारायचं तर आजच, उद्याचं कुणी सांगितलंय. म्हटलं, "बावीस वर्षांत मला एकदाही बागेत का नाही नेलंत?"

ह्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, "बागेत पोरं असतात."

मला आधी कळेना. ह्यांनी पुसलं, लिहिलं. पाटी लहान, माणूस थकलेला, चार शब्द लिहायचे आणि पुसायचे. "तुझ्या भावाच्या लग्नात. कुणाचं तरी मूल. मांडीवर घेतलंस." पुसलं. "घरी येऊन रात्रभर रडलीस." पुसलं. "तेव्हाच ठरवलं. तुला पोरं दिसतील तिथे न्यायचं नाही."

बारके, आम्हाला मूल झालं नाही याच्यावर आम्ही दोघं कधी बोललोच नाही. तपासण्या झाल्या, औषधं झाली, मग विषयच बंद. दुकान होतं, गठ्ठे होते. मला वाटायचं, ह्यांनाच ते सलतंय, म्हणून मी गप्प. ह्यांना वाटायचं मला.

मी म्हटलं, "अहो, त्या मुलाला बघून नव्हते रडले मी. तुमच्या मावशींनी ते माझ्या मांडीवरून ओढून नेलं म्हणून रडले. माझा हात लागलेला त्यांना चालला नाही. ते मूल किती छान झोपलं होतं माझ्याजवळ."

मावशींचं ह्यांना माहीतच नव्हतं.

मला राग आला, आणि रागावायचं कुणावर तेही कळेना. माझ्या भल्यासाठी ह्या माणसाने सगळ्या बागा बंद करून टाकल्या, आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "मला आवडली असती पोरं बघायला." तेवढ्यात एक चेंडू गडगडत आमच्या पायाशी आला. मी उचलून फेकला, तर भलतीकडेच गेला. पोरगी ओरडली, "काकू, इकडे!" आणि हे हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. हसता हसता खोकला आला, नळी ओढली गेली, डोळ्यांतून पाणी. मी घाबरले. ते खुणेने सांगत होते, काही नाही, काही नाही.

घाई करून येत नाही आम्ही. तुला जमेल ना अजून थोडे दिवस?

वहिनी


१५ एप्रिल

वहिनी,

जमेल. न जमून सांगते कुणाला!

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, तब्येतीचं. म्हणाली, "तब्येतीचं एवढं लांब?" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि थोड्या वेळाने आपणहोऊन म्हणाली, "राहू दे त्यांना तिकडे चार दिवस." काल तिला खुर्चीत बसवलं. खिडकीतून रस्ता बघत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांना नावं ठेवत होती. तेव्हा बरी आहे असं समज.

लॉजवाल्याचं काम मी पाठवून दिलं दुसरीकडे. शेजारपाजारच्यांचे कपडे तेवढे घेते. जेवढं होतंय तेवढंच करायचं असं ठरवलंय. तू आल्यावर मला ओरडायचं तर ओरड.

माझं विचारशील तर, संध्याकाळी दुकान बंद केलं की पायरीवर बसते. दमल्यावर माणसाला काही वाटेनासं होतं, तेही बरं असतं.

बारकी


२४ एप्रिल

बारके,

सोमवारी नळी काढली. डॉक्टर म्हणाले, बघा घोटभर पाणी. ह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि तो घोट खाली उतरेपर्यंत आम्ही सगळे, डॉक्टर, नर्स, मी, आपापले श्वास धरून उभे. उतरला. दुसऱ्या दिवशी पेज. काल मऊ उकडलेलं अंडं, अर्धं. चव अजून नाही. कागद खाल्ल्यासारखं लागतं म्हणाले. हो, म्हणाले. आवाज आहे. फाटका, कुणी दुसराच माणूस बोलतोय असा, पण आहे. फार बोलायचं नाही अशी ताकीद आहे. तशी ह्यांना ती कधीच जड जायची नाही.

शनिवारच्या गाडीने निघतो. रविवारी सकाळी घरी. आईंना सांग. तीन महिन्यांनी परत यायचं आहे, तेव्हा काय निघेल ते निघेल. मी आता पुढचा विचार करत नाही, करायला अंगात त्राण नाही.

आजचं सांगते आणि पत्र पुरं करते. सकाळी औषधांच्या रांगेत उभी होते, नंतर खोलीतलं आवरलं, बाईंच्या क्लासची वेळ झाली म्हणून निघालो. कुठे जायचं ते ह्यांनी विचारलं नाही, मीही नाही. जी पहिली बाग लागली तिथे शिरलो. नाव-गाव नसलेली, एक मोठं झाड आणि भोवती कट्टा. मी पाठ टेकली. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन फिरलं होतं. झाडाची सावली सरकून पलीकडे गेली होती, पण माझ्या तोंडावर ऊन नव्हतं. बघते तर हे माझ्यासमोर उभे. उन्हाकडे पाठ करून, त्यांची सावली माझ्यावर पडेल असे. केव्हापासून उभे होते देव जाणे.

मी धडपडत उठले. म्हटलं, "अहो, उठवायचं नाही का मला? तुम्हाला उभं राहवतं का?"

त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "तुला झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं."

मला आठवून बघावं लागलं. खरं होतं. मी सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर अंथरुणाला पाठ लावते. बावीस वर्षं एका खोलीत काढली, आणि ह्यांनी मला झोपलेलं बघितलं नव्हतं.

मी हाताला धरून त्यांना शेजारी बसवलं. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आता त्या खांद्याची हाडं लागतात. आणि पुन्हा डोळे मिटले. झोप आली नव्हती.

तुझी
वहिनी